पात्रता परीक्षेची, भरती कंत्राटाची
(फरीदाबाद येथील भाषणातून)

कॉम्रेड्स, येथील कारखान्यात पाळी करून रात्री अभ्यास करणाऱ्या तरुणापुढे हरियाणा सरकारने सामाईक पात्रता परीक्षा ठेवली. पहिली नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. ती उत्तीर्ण होऊनही ‘क’ वर्गाच्या पदासाठी दुसरी परीक्षा उरतेच. घरात सरकारी नोकरी नसलेल्या गरीब उमेदवारांना दिलेले जादा गुण ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाने रद्द ठरविले. नियम केला सरकारने. वर्षे गेली उमेदवारांची! उलट, २०२१ साली स्थापलेल्या कौशल रोजगार निगमामार्फत सरकारी खात्यांत कंत्राटी माणसे घेतली जातात. म्हणजे काम आहे, जागाही आहे. नाही ती फक्त कायम नोकरी. म्हणून परीक्षार्थी आणि कंत्राटी कामगार यांनी परस्परांचे वैरी न होता एकच मागणी करावी : रिक्त पदे कायमस्वरूपी भरा!