मांडीवरून उतरवलेलं मूल

(मुरगूड येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपला वेदगंगेकाठचा भाग उसाचा, दुधाचा. कुपोषण म्हटलं की आपण मेळघाटाकडे बोट दाखवतो. पण दूध डेअरीला जातं आणि दोन वर्षांच्या पोरीपुढे चहा-चपाती येते, हे आपल्याला ठाऊक आहे.

१९३३ साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आजच्या घानामधल्या मुलांच्या एका आजाराची नोंद केली. तिथले लोक त्याला 'क्वाशिओरकोर' म्हणत. म्हणजे पाठचं भावंड आल्यावर आधीच्या मुलाला होणारा आजार. अंगावरचं दूध तुटतं आणि पुढ्यात नुसती पेज येते.

प्रथिनं मिळाली नाहीत की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. यकृतात चरबी साठते, केस विरळ आणि तांबूस होतात, कातडी सोलते. रोगाशी झुंजण्याची ताकद जाते. साधे जुलाबही जिवावर बेततात. मूल खेळत नाही, खायला मागत नाही. प्रथिनांची कमतरता हे एकच कारण नाही, वारंवारच्या आजारपणाचाही त्यात हात असतो, असं आज मानतात.

सगळ्यात फसवी असते ती सूज. पाणी साठून गाल भरतात, काट्यावर वजन दिसतं. शेजारीण म्हणते, बाळसं धरलंय! म्हणून दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहा. खळगा राहिला तर तडक दवाखाना गाठा. अशा मुलाला घरी एकदम खुराक देऊ नका. त्याच्या शरीराला तो झेपत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरहून बारीक असेल, तरीही थांबू नका.

आता आपला प्रश्न. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. मुलग्याची वाट पाहणाऱ्या घरात मुलीनंतर लगेच दिवस राहतात, आणि तिचं दूध तुटतं. दोष मात्र आईला! दुसरं मूल कधी, हे तिला कोणी विचारलं होतं का?

सहा महिन्यांनंतर वरण, अंडं, शेंगदाण्याचं कूट सुरू करा. अंगावरचं दूध दोन वर्षं चालू ठेवा. डेअरीला दूध घालण्याआधी पोरीची वाटी बाजूला काढा. अंगणवाडीत दंड मोजतात का, विचारा. आणि पाळणा लांबवायचा निर्णय बाईचाही आहे, हे घरात बोला. एकटीला जमत नसेल तर आपण चौघीजणी तिच्या घरी जाऊ.