आधी पाहा, मग ठरवा
(आरोग्य शिबिरातील भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, बँकेतील कारकून आहोत. आमच्या वहिनींनी दोन वर्षे अंगावरून जास्त जात असल्याचे लपवले. एका दवाखान्यात "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला. दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफीनंतर दुर्बिणीतून आत पाहिले. लहानसा पॉलिप निघाला, तो त्याच वेळी काढला. पिशवी वाचली.

या तपासणीला हिस्टेरोस्कोपी म्हणतात. काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनीमार्गाने गर्भाशयात नेतात, सलाईनने पोकळी फुगवतात व आतला भाग पडद्यावर पाहतात. पोटावर टाका नाही. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. पॉलिप, पोकळीत आलेली फायब्रॉईडची गाठ, जन्मजात पडदा, चिकटलेले अस्तर, अडकलेली तांबी, यांवर उपचारही होतो. शंका असल्यास तुकडा तपासणीस पाठवतात. गरोदरपणी किंवा जंतुसंसर्ग असताना मात्र ही तपासणी करीत नाहीत. क्वचित पिशवीला इजाही होते.

पद्धत नवी नाही. १८६९ साली पँटालिओनी या डॉक्टरांनी पाळी गेलेल्या बाईच्या रक्तस्रावाचे कारण असेच शोधले होते.

तरीही बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या पिशव्या एवढ्या काढल्या गेल्या, की २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

कर्करोग निघाला तर पिशवी बहुधा काढावीच लागते. पण खात्यात फरक आला म्हणून आम्ही खातेवही फाडत नाही, आधी नोंदी तपासतो. भगिनींनो, पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसले तरी लपवू नका. आणि पिशवी काढण्यापूर्वी जरूर विचारा, "डॉक्टर, आत पाहिलेत का?"