साड्या त्यांच्या, टाके आपले

आज बोलूया मोबाइलवरून गोधडी विकण्याबद्दल.

आमच्या गटाने आधी पापड, मसाले, पिशव्या, सगळ्यांचेच फोटो व्हॉट्सॲपवर टाकले. विचारणा व्हायची, ऑर्डर येत नव्हती. मग ठरवलं, फक्त गोधडी करायची. तीही गिऱ्हाइकाच्या आईच्या, आजीच्या जुन्या साड्यांची. अशी गोधडी दुकानात मिळत नाही. शहरातून साड्या येऊ लागल्या.

पहिली गोधडी आम्ही 800 रुपयांना दिली. नंतर वहीत मांडलं. दोरा, अस्तर आणि कुरिअरचे 300 गेले. उरले 500, तेही दोघींच्या सहा-सहा दिवसांचे. म्हणजे रोजाला 42 रुपयेसुद्धा नाहीत! आता आम्ही आधी मजुरी धरतो, मग किंमत सांगतो. काही गिऱ्हाइकं गेली, पण राहिली ती घासाघीस करत नाहीत.

फोटो सकाळच्या उजेडात काढा. लांबी-रुंदी लिहा. साड्या पोहोचल्या की त्यांचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा. निम्मे पैसे आधी घ्या.

आणि एक लक्षात ठेवा, पैसे घेताना पिन लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका," असं एकाने सांगितलं. आमच्यातल्या एकीने टाकला आणि गटाचे 2000 रुपये गेले. असं झालं तर लाजू नका. लगेच 1930 वर फोन करा, बँकेलाही कळवा.

बायांनो, टाका आपण घालतो, तर त्याचं मोलही आपणच सांगायचं.