नावात मिळवा ८९६



यंदा आम्ही मुलांनी पायथॉन शिकायला घेतली. संगणकाला सूचना द्यायची ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांपुढे आणली. नाव अजगराचं वाटतं, पण ते एका ब्रिटिश विनोदी मालिकेवरून घेतलेलं. पुस्तकातली उदाहरणं करून झाली, पण त्यात मन रमेना. नवी भाषा अंगवळणी पडायची तर तिच्याकडून घरचं काम करून घ्यावं, असं ठरलं.

काम समोरच होतं. आपली वर्गणीची यादी देवनागरीत असते. इथे अफजलपुरात आमची शाळा कन्नड, रेशनकार्ड कन्नड, बसची पाटी कन्नड. आमच्यातल्या कित्येकांना आजोबांचं नाव मंडळाच्या वहीत अक्षर अक्षर लावत वाचावं लागतं. म्हणून यादी दोन्ही लिप्यांत काढायची ठरली.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. देवनागरी 'क'चा आकडा २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'ग' घ्या, 'म' घ्या, काना घ्या, फरक तोच! कारण भारतीय लिप्यांचे हे तक्ते 'इस्की' या आपल्याच सरकारी आराखड्यावरून घेतलेले आहेत, आणि त्यात सगळ्यांची वर्णमाला एकाच साच्यात बसवलेली आहे. पायथॉनमध्ये अक्षराचा आकडा विचारायचा, त्यात ८९६ मिळवायचे आणि त्या आकड्याचं अक्षर मागायचं. सगळा कार्यक्रम चार ओळींचा.

पहिलं नाव घातलं कुलकर्णी. आपण त्यात चार अक्षरं मोजतो, संगणक आठ मोजतो: उकार, हलन्त, वेलांटी, सगळं सुटं. आठही पलीकडे गेली. देवनागरीत डोक्यावर बसणारा रफार कन्नडमध्ये 'णी'च्या उजवीकडे जाऊन बसला. ते आम्ही सांगितलं नव्हतं, ते काम फॉन्टचं.

पण आमच्या वर्गातल्या कन्नड मित्राने ते वाचलं आणि हसला. आपण शेवटची वेलांटी दीर्घ लिहितो. कन्नडमध्ये कुलकर्णी, जोशी ऱ्हस्व लिहितात. देशपांडेंचंही तेच. कन्नडमध्ये 'ए' दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. आपल्याकडे एकच, आणि तो जाऊन पडतो दीर्घावर. कऱ्हाडे घातलं तर 'ऱ्ह'तल्या 'ऱ'च्या जागी जुन्या कन्नडमधला, आता वापरात नसलेला 'ऱ' आला. आमच्या कन्नडच्या सरांना फार आनंद झाला, पण यादीत तो ठेवता येईना. आणि 'डॉ.'मधल्या 'ऑ'ला तर कन्नड तक्त्यात जागाच नाही. गावातल्या डॉक्टरांच्या नावापुढे रिकामा चौकोन उमटला! कन्नडमध्ये नुसता काना देऊन 'डा.' लिहितात, तसं करून घेतलं.

हे सगळे नियम एकेका ओळीत बसले. अडलं ते 'पवार'पाशी. आपण शेवटचा 'अ' गिळतो. कन्नड माणूस तो पूर्ण उच्चारतो. शाळेत हजेरी घेताना 'पवाऽर'च्या पुढे अर्धा सूर जास्त येतो, तो आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. म्हणून शेवटच्या व्यंजनाला हलन्त द्यायला सांगितलं. पवार, प्रकाश, रमेश ठीक झाले. पण गाणगापूर आपल्याच तालुक्यात; यादीत दत्ताच्या नावाची माणसं असणारच, आणि 'दत्त'चा शेवटचा 'अ' आपणही उच्चारतो. मग आणखी एक ओळ: शेवटी जोडाक्षर असेल तर हलन्त नको.

तरी प्रश्न राहतोच. काही घरांनी रेशनकार्डावरचं हलन्त नसलेलं 'पवार' आपलं मानलंय. मुलांच्या दाखल्यावर तेच आहे. काही आजोबांना मात्र आपलं नाव सोलापूरकडच्या पाहुण्यांसारखंच ऐकू यायला हवं. कोणतं बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार पायथॉनला नाही, आणि आम्हालाही नाही. म्हणून कार्यक्रमात आम्ही एक रकाना ठेवला आहे. तिथे घरच्यांनी सांगितलेलं रूप लिहिलं की सगळे नियम बाजूला राहतात आणि तेच छापलं जातं.

यादीचा कच्चा कागद मंडपाच्या डाव्या खांबाला लावलाय, शेजारी पेन्सिल बांधली आहे. आरतीनंतर प्रत्येक घराने आपलं नाव मोठ्याने वाचून पाहावं, नातवंडांकडूनही वाचून घ्यावं, आणि हवा तो बदल तिथेच लिहावा. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री छपाईला द्यायची आहे.