औषधविक्रेत्याचे नाव कमी होते तेव्हा

श्रोतेहो, ठाण्याच्या वर्तकनगरात काय किंवा तुमच्या तालुक्याच्या बाजारात काय, औषधाच्या दुकानात भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र लावलेले असते. त्यावरचे नाव वाचा, आणि औषध देणारा तोच का, हे खुशाल विचारा. कधी कधी प्रमाणपत्र भाड्याने आणलेले असते. धनी दुसऱ्याच गावी! मग डॉक्टरच्या चिठ्ठीवरची मात्रा पडताळणारा जाणता माणूसच तेथे नसतो. 2012 च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी अशा दुकानांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी मोठा विरोध केला.

दुकानाचा परवाना प्रशासन रद्द करते. माणसाचे नाव मात्र महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत असते. गुन्हा शाबीत झाला, किंवा व्यवसायात लांच्छनास्पद वर्तन घडले आणि तो या कामास नालायक ठरला, तर 1948 च्या फार्मसी कायद्याच्या 36 व्या कलमाने ते कमी करता येते. पण आधी त्याचे म्हणणे ऐकावेच लागते. कार्यकारी समितीच्या हुकमाला कौन्सिलची मंजुरी लागते; त्यानंतरही 3 महिने तो अंमलात येत नाही. राज्य सरकारकडे 30 दिवसांत अपील आहेच.

कुणाला हे फार सैल वाटेल. मला नाही वाटत. एखाद्याच्या पोटावर पाय द्यायचा तर चौकशी चोखच हवी. पण चौकशीला पुरावा लागतो. म्हणून गुरुजी, मुलांना सांगा, औषधाची पावती मागून घ्या. गोळ्यांची रिकामी पट्टीही लगेच टाकू नका. बॅच क्रमांक तिच्यावर असतो.