पाऊल नीट पडावं म्हणून

पुणे-नगर महामार्गावरच्या सुपा एमआयडीसीत आठ-आठ तास जाड बुटात उभं राहणाऱ्यांना एक दुखणं ओळखीचं वाटेल. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते, आणि चार पावलं चाललं की ती कमी होते. तळव्याखालचा जाड पट्टा टाचेपाशी ताणला गेल्याची ही खूण. पावलात 26 हाडं असतात आणि सगळा भार त्यांच्यावर.

पावलांच्या अशा दुखण्यांच्या शास्त्राला पोडियाट्री म्हणतात. आपल्याकडे असे तज्ज्ञ मोजकेच. त्यांचं काम बहुधा अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टच करतात. ते तुमची चाल बघतात, आणि चपलेची झीजही. जुनी चप्पल सोबत न्या, ती बरंच सांगून जाते! मग पोटरीला ताण देणारे व्यायाम आणि बुटात घालायची मऊ गादी, एवढ्यानं बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो.

पाय मुरगळला की आपण आधी तेल लावून चोळतो. ते नको. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढाच.

मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे तपासा. जखम दुखत नसली, तरी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.