पिचावरमचे तिवरवन

कुंभकोणमहून सुमारे ७० किलोमीटरांवर चिदंबरम, आणि तेथून आणखी १५ किलोमीटरांवर पिचावरम. उत्तरेस वेळ्ळार व दक्षिणेस कोळ्ळिडम या नदीमुखांच्या मधल्या खाजणात येथे पन्नासएक लहान बेटे आहेत. बेट म्हटले की होडीतून उतरावे, झाडीतून हिंडावे, सावलीत शिदोरी सोडावी, अशी प्रवाशाची अपेक्षा असते. येथे ती फसते. पाऊल टेकावयास जमीनच नाही. आहे तो चिखल, आणि त्यात रोवलेली मुळेच मुळे. भटकावयाचे ते होडीतूनच, आणि तेही वल्ह्याच्या. यांत्रिक होडी अरुंद ओहळांत शिरत नाही.

कोकणच्या माणसास ही झाडे परकी नाहीत. तिवराची मुळे श्वासासाठी चिखलातून वर डोकावतात. कांदळाचे बीज झाडावरच रुजते आणि भाल्यासारखे खाली पडते. तिल्लै, म्हणजे आपला गेवा, हाही येथे आहे. चिदंबरमचे जुने नाव त्याच्यावरूनच पडले. त्याचा चीक मात्र डोळ्यांस घातक.

या वनाची मोठी हानी झाली ती सरकारी तोडीने. विसाव्या शतकात अनेक दशके पट्टेच्या पट्टे साफ तोडले गेले. उघडा पडलेला चिखल सुकून खचला व जागोजाग परातीसारखे खळगे झाले. भरतीचे पाणी आत येई, ओहोटीला बाहेर पडेना; उन्हाने आटून मीठ तेवढे साचे. तेथे बी रुजणार कसे? दोष मात्र दिला गेला लाकूडफाटा नेणाऱ्या गावकऱ्यांना आणि त्यांच्या गुरांना! कुंभकोणमचेच सुपुत्र डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी १९८८ मध्ये स्थापिलेल्या संशोधन संस्थेने खरे कारण दाखवून दिले. पुढे वनखाते व गावकरी यांच्या साहाय्याने माशाच्या काट्यासारखे चर खणण्यात आले. पाणी खेळू लागले, मीठ धुऊन गेले, रोपे धरली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या झाडीच्या आडोशाची गावे उघड्या किनाऱ्यावरील गावांच्या मानाने पुष्कळच बचावली. २०२२ मध्ये हे वन रामसर यादीत आले.

दुपार कलते, ओहोटी लागते. मुळांवर पाण्याची ओली रेघ उमटू लागली की नावाडी गप्पा थांबवून होडी वळवितो. उशीर झाला तर ती चिखलात रुतावयाची, आणि मग भरतीची वाट पाहत बसावे लागते.